विश्लेषण : जुना गेमिंग पीसी अडखळतोय, आधी कोणता भाग बदलायचा?

सात-आठ वर्षांपूर्वी हौसेने जुळवलेला गेमिंग पीसी अजून चालतो, पण नवा गेम टाकला की अडखळतो. मग सल्ले सुरू होतात. दुकानदार ग्राफिक्स कार्ड सुचवतो, मित्र रॅम वाढवायला सांगतो आणि तिसरा कुणी तरी 'सगळंच नवं घे' म्हणून मोकळा होतो. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्यामुळे चुकीच्या भागावर घातलेले पैसे आता जास्त महागात पडतात. कोणता भाग आधी बदलावा, कोणता तसाच ठेवावा आणि कुठे थांबून नव्या पीसीसाठी पैसे साठवावेत, हे ठरवायचं कसं?

अडतंय कुठे, हे कसं ओळखायचं?

गेममधली प्रत्येक फ्रेम दोघांच्या हातून जाते. खेळाडूने कोणतं बटण दाबलं, समोरचा शत्रू कुठे वळला, गोळी भिंतीला लागली की नाही, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र काढण्याचं काम ग्राफिक्स कार्डचं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर जेमतेम ६.९. या दोघांपैकी जो मागे पडतो, त्याच्या वेगाने गेम चालतो. दुसरा कितीही ताकदीचा असला तरी तो वाट पाहत बसतो. त्यामुळे जो भाग अडवतोय, तोच बदलला तर पडद्यावर फरक दिसतो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. विंडोजची की आणि जी ही बटणं एकत्र दाबली की गेम बार उघडतो. त्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम किती वापरात आहेत ते दिसतं. आणखी तपशील हवा असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर गेम चालू असतानाच कोपऱ्यात आकडे दाखवतं. चाचणीपुरतं व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवावी आणि नेहमी जिथे गेम अडखळतो, तोच भाग दहा-पंधरा मिनिटं खेळून पाहावा.

ग्राफिक्स कार्डचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के दिसत असेल तर कार्ड पूर्ण जोर लावतंय आणि तेच कमी पडतंय. तो वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि तरीही फ्रेम कमी मिळत असतील, तर संशय प्रोसेसरवर जातो. खात्री करायची असेल तर रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून पाहावं. त्याने कार्डचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. फ्रेम भराभर वाढल्या तर अडथळा कार्डचा. आकडा जागचा हलला नाही तर प्रोसेसरचा.

इथे एक आकडा हमखास फसवतो, तो म्हणजे प्रोसेसरचा एकूण वापर. १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण भरलेला असेल तर एकूण वापर दहा टक्क्यांच्याही आत दिसू शकतो. बहुतेक गेममध्ये मुख्य काम एक-दोन थ्रेडवरच चालतं. त्यामुळे 'प्रोसेसर तर ४० टक्केच वापरला जातोय' या निष्कर्षावर विसंबून राहू नये. प्रत्येक थ्रेडचा वापर वेगळा पाहावा.

फ्रेमची सरासरी चांगली, पण मधूनच झटका बसतो, अशी तक्रार असेल तर रॅम आणि कार्डवरची मेमरी तपासावी. ८ जीबीपैकी साडेसात जीबी रॅम भरलेली असेल तर विंडोज डेटा डिस्कवर हलवू लागतं आणि गेम थबकतो. कार्डवरची मेमरी भरली की तीच गत होते. नवं क्षेत्र लोड होताना हार्ड डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर जात असेल तर अडथळा तिथे आहे.

पैसे न घालता काय सुधारतं?

खरेदीआधी एक रविवार सफाईला द्यावा. कॅबिनेटच्या जाळ्या आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ बसली की हवा खेळत नाही. तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेलं की प्रोसेसर आणि कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीतही पारा चाळिशीजवळ असतो. तिथे हिवाळ्यात नीट चालणारा पीसी उन्हाळ्यात अडखळतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे जात असेल तर आधी धूळ काढून वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. हे काम काहीशे रुपयांत होतं.

दुसरी तपासणी बायोसमध्ये. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम विकत घेतली तरी मदरबोर्ड ती मुळात २१३३ किंवा २६६६ वरच चालवतो. एक्सएमपी ही सेटिंग सुरू केल्याशिवाय तिचा पूर्ण वेग मिळत नाही. अनेक पीसींमध्ये ती पहिल्या दिवसापासून बंदच असते.

तिसरी तपासणी मॉनिटरची. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच निवडलेलं राहतं. उलट बाजूने पाहिलं तर, मॉनिटरच ६० हर्ट्झचा असेल आणि आवडता गेम ९० फ्रेमवर चालत असेल, तर महागडं कार्ड घेऊनही डोळ्यांना दिसणाऱ्या फ्रेम ६० च राहतील.

याशिवाय एएमडीचं एफएसआर हे तंत्र अनेक गेममध्ये जुन्या कार्डांवरही, अगदी एनव्हिडियाच्या कार्डांवरही चालतं. त्यात गेम कमी रेझोल्यूशनवर तयार होऊन मोठा करून दाखवला जातो. चित्र थोडं मऊ होतं, पण वेग वाढतो. अडथळा कार्डचा असेल तरच त्याचा उपयोग होतो.

दोन पीसी, एकाच वर्षाचं अंतर, पण निर्णय वेगळे

आता दोन नमुने पाहू. पहिल्या पीसीत २०१८ चा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. दुसऱ्यात बाकी सगळं तेच, फक्त प्रोसेसर २०१७ चा इंटेल कोअर आय५-७४०० आणि त्याच्या जोडीचा बी२५० मदरबोर्ड. विकत घेताना दोन्ही मध्यम दर्जाचे गेमिंग पीसीच होते. आज मात्र पहिल्यावर खर्च करणं शहाणपणाचं ठरतं आणि दुसऱ्यावर हात आखडता घ्यावा लागतो. हा फरक प्रोसेसरच्या सॉकेटमुळे पडतो.

रायझन ५ २६०० हा एएम४ सॉकेटवर बसतो. एएमडीने हा सॉकेट २०१६ पासून अनेक पिढ्यांसाठी कायम ठेवला. त्यामुळे बी४५० मदरबोर्डचं बायोस अपडेट केलं की त्यावर रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स बसतो. मोठी कॅश मेमरी असलेला, खास गेमिंगसाठीचा रायझन ७ ५८००एक्स३डीही चालतो. मदरबोर्ड तोच, रॅम तीच, बदलायचा फक्त प्रोसेसर. आपल्या बोर्डला नेमके कोणते प्रोसेसर चालतात, त्याची यादी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर असते. बायोस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करावं, आणि तेही यूपीएस जोडून. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो.

आय५-७४०० ची गोष्ट वेगळी. त्यात चार कोअर आणि चारच थ्रेड. त्याच्या बोर्डवर फार तर आय७-७७०० बसतो, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेड. पुढच्या, आठव्या पिढीच्या सॉकेटचं नावही एलजीए ११५१ च आहे. नाव सारखं पाहून अनेकांची फसगत होते. प्रत्यक्षात आठव्या पिढीचे प्रोसेसर ३०० मालिकेच्या बोर्डवरच चालतात. त्यामुळे इथे प्रोसेसर बदलायचा म्हणजे मदरबोर्ड बदलणं आलं. नवा बोर्ड एएम५ चा असेल तर त्याला फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे जुनी डीडीआर४ रॅमही बाद. एका भागाच्या खर्चातून तीन भागांचा खर्च उभा राहतो. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीसाठी डीडीआर४ चालणारे बोर्डही निघाले आहेत. जुनी रॅम वाचवायची असेल तर तो एक मार्ग उरतो.

विंडोज आणि ड्रायव्हरमुळे काय बदललं?

विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे, तसंच रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत. सातव्या पिढीचे मोजके अपवाद सोडले तर बाकी बाहेर. म्हणजे पहिला पीसी यादीत बसतो आणि दुसरा बसत नाही. विंडोज १० वर राहणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे.

गेमही आता अटी घालू लागले आहेत. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. अनेक पीसींमध्ये या सुविधा असतात, पण बायोसमध्ये बंद असतात. त्यामुळे 'पीसी जुना झाला' असं ठरवण्याआधी तिथे पाहून घ्यावं.

जीटीएक्स १०६० च्या पिढीसाठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट मिळतील. कार्ड त्यामुळे बंद पडत नाही आणि जुने गेम पूर्वीसारखेच चालतात. पण 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम : द डार्क एजेस' यांसारख्या गेमना रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्डच लागतं. सेटिंग कितीही खाली आणली तरी १०६० वर ते नीट खेळता येत नाहीत.

ग्राफिक्स कार्ड घेताना काय पाहायचं?

बहुतेक मोठ्या, देखण्या गेममध्ये सर्वाधिक फरक कार्डमुळेच पडतो. पण कोणतं कार्ड हवं, हे मॉनिटरवरून ठरतं. १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख. म्हणजे मोठा मॉनिटर घेतला की कार्डवरचं काम पावणेदोन पटींच्या पुढे जातं. मॉनिटर पुढच्या वर्षी बदलायचा असेल तर कार्ड त्या हिशेबाने घ्यावं.

कार्डवरची मेमरी किती, हा पुढचा प्रश्न. १०८० वर ८ जीबीत अजून भागतं, पण नव्या गेममध्ये टेक्स्चर सर्वांत वर ठेवली की ती अपुरी पडू लागते. चार-पाच वर्षांसाठी कार्ड घ्यायचं असेल तर १२ किंवा १६ जीबीचा पर्याय किमतीत बसतो का, ते पाहावं.

जुन्या बोर्डसाठी आणखी एक मुद्दा आहे आणि दुकानात तो सहसा कुणी सांगत नाही. काही स्वस्त कार्डं बोर्डशी कमी लेनने जोडली जातात. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेन वापरतं. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या बोर्डवर ते चालून जातं. बी४५० सारख्या ३.० च्या बोर्डवर मात्र त्याचा वेग बराच पडतो. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० आठ लेन वापरतात, तिथे तोटा बहुधा किरकोळ असतो. इंटेलच्या आर्क कार्डांना बोर्डवर रीसाइजेबल बार ही सुविधा लागते. ती नसेल तर ही कार्डं आपल्या खऱ्या वेगाच्या जवळही जात नाहीत. किंमत आकर्षक असली तरी जुन्या पीसीसाठी ती विचारपूर्वकच घ्यावीत.

खेळ कोणता, हेही महत्त्वाचं. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट १०८० वर कमी सेटिंगने खेळणाऱ्यांना शंभर-दोनशे फ्रेम हव्या असतात आणि तिथे ताण प्रोसेसरवर येतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये आधी कार्डची दमछाक होते. दोन खेळाडूंचा पीसी एकच असला तरी त्यांनी बदलायचा भाग वेगळा असू शकतो.

रॅम आणि एसएसडी : कमी गाजावाजा, मोठा फरक

नमुन्याच्या पीसीत ८ जीबीची एकच स्टिक आहे. नव्या गेमसाठी १६ जीबी आता किमान गरज झाली आहे. शिवाय एकच स्टिक असली की रॅम सिंगल चॅनलमध्ये चालते, म्हणजे प्रोसेसरला डेटा पोचवणारा निम्मा रस्ता बंद. सारख्याच वेगाची दुसरी स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवली की क्षमता आणि रस्ता दोन्ही दुप्पट होतात. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या तर दोन्ही हळू स्टिकच्या वेगाने चालतात.

एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरीला मोठी मागणी आल्याने २०२५ च्या अखेरीस रॅम महागली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने क्रूशियल या ब्रँडखालचा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णयही जाहीर केला. अशा काळात जवळ असलेली चालू रॅम निकामी करणारा अपग्रेड दुप्पट विचार करूनच करावा.

हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत. खरा फरक लहान-लहान फाइल शोधताना पडतो. तिथे हार्ड डिस्कची सुई फिरण्यातच वेळ जातो. स्टारफील्डसारखे गेम एसएसडी ही किमान अट म्हणूनच मागतात. एसएसडीने फ्रेमची सरासरी फारशी वाढत नाही, पण लोडिंगचा वेळ आणि मधले झटके कमी होतात. एनव्हीएमई एसएसडी कागदावर कित्येक पट वेगवान असली तरी बहुतेक गेममध्ये साटाशी तिचा फरक थोडाच जाणवतो. बोर्डवर जागा आणि किमतीत थोडाच फरक असेल तर ती घ्यावी, पण त्यासाठी बोर्ड बदलू नये.

एसएमपीएसवर काटकसर का नको?

पीसी जुळवताना सगळ्यात कमी लक्ष ज्याच्याकडे जातं, तो हा भाग. नवं कार्ड म्हणजे जास्त वीज, असं दर वेळी नसतं. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट लागतात, आरटीएक्स ४०६० ला ११५ आणि आरटीएक्स ५०६० ला १४५. तरीही ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. बाकीच्या भागांची गरज आणि क्षणभर वाढणारी मागणी हे दोन्ही त्यात धरलेलं असतं.

डब्यावर ५०० वॅट छापलेलं असलं तरी त्यातले किती १२ व्होल्टच्या लाइनवर मिळतात, ते लेबलवर वाचावं, कारण कार्ड आणि प्रोसेसर त्याच लाइनवर चालतात. ८० प्लसचं चिन्ह वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतं. सुरक्षेची सगळी हमी ते देत नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेला किंवा सात-आठ वर्षं वीजेचे चढउतार सोसलेला एसएमपीएस असेल तर नव्या कार्डआधी तो बदलावा. तो बिघडला तर सोबत महागडे भागही नेऊ शकतो.

सेकंड हँड भाग घ्यावेत का?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, जुन्या भागांच्या बाजारात चांगला सौदा मिळू शकतो. प्रोसेसर सहसा लवकर बिघडत नाही, त्यामुळे पिना तपासून जुना घेतला तरी धोका कमी. एसएमपीएस आणि हार्ड डिस्क मात्र नव्याच घ्याव्यात. कार्ड घेताना ते अर्धा तास गेम किंवा ताणचाचणीवर चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावरचे ठिपके पाहावेत. जुन्या चिपवर नव्या कार्डचं नाव चढवून विकण्याचे प्रकार होतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर ते बऱ्याचदा पकडतं. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ रोजी थांबल्यावर दिवसरात्र वापरलेली असंख्य कार्डं बाजारात आली होती, हेही ध्यानात असू द्यावं. नव्या भागाचं जीएसटी बिल जपून ठेवावं. वॉरंटीसाठी ते लागतं आणि पुढे भाग विकताना भावही बरा मिळतो.

मग अंतिम निर्णय काय?

पहिल्या पीसीसाठी क्रम असा लागतो : सफाई आणि सेटिंग, मग दुसरी रॅम स्टिक आणि एसएसडी, एसएमपीएसची तपासणी, मग कार्ड. कार्ड बसवल्यावर पुन्हा तीच चाचणी करावी. नवं कार्ड ६०-७० टक्क्यांवरच घुटमळत असेल तर प्रोसेसर बदलावा, नसेल तर ते पैसे वाचले. सगळे भाग एकदम घेतले तर यातला कोणता अनावश्यक होता, हे कधीच कळत नाही.

दुसऱ्या पीसीसाठी प्रत्येक खरेदीआधी एकच प्रश्न विचारावा : हा भाग पुढच्या पीसीत येईल का? एसएसडी येईल, चांगला एसएमपीएस येईल, मॉनिटर येईल, कार्डही येईल. त्यांच्यावर आज केलेला खर्च उद्या कामी येतो. त्या बोर्डसाठी शोधून आणलेला आय७ मात्र येणार नाही आणि महागड्या दराने घेतलेली डीडीआर४ रॅम एएम५ च्या बोर्डवर बसणार नाही. त्यासाठीचे पैसे बाजूला ठेवले तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे तिन्ही एकदम घेण्याचा दिवस तेवढाच जवळ येतो.